हिडकलच्या पाण्यात पेट्रोलची गळती, आणि बावीसशे रुपयांचा चुना

आधीच सांगतो: होडीचं इंजिन बंद पडलं आणि गावातल्या मेकॅनिकनं 'कार्बोरेटर गेलाय' म्हटलं तरी पैसे देऊ नका. आधी पेट्रोलचा पाईप बघा. आम्ही बघितला नाही.

होडी जुनी, फायबरची, चौदा फुटी. कारवारकडून घेतली, टेम्पोत घालून अणशी घाट चढवला आणि जोयडा, रामनगर, खानापूर करत बेळगावात आणली. विकणारा म्हणाला होता, "इंजिन चालू कंडिशनमध्ये हाय." ते खरंच होतं. आठ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन एका दोरीत सुरू व्हायचं. दहा मिनिटांनी बंद पडायचं, हे मात्र तो सांगायला विसरला.

बेळगावातल्या एका गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर उघडला, धुतला, नवीन पाईप घातला आणि २,२०० रुपये घेतले. हा नवीन पाईप म्हणजे गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप. दोन्ही टोकांना बाइंडिंग वायर पिळलेली. मीच 'वा, आता पेट्रोल दिसतंय' म्हणून खूश झालो होतो, त्यामुळे दोष निम्मा माझाही.

मग हिडकल धरण. हत्तरगीचा टोल ओलांडून हायवे सोडायचा, बेळगावहून पन्नासेक किलोमीटर. धरण ५१ टीएमसीचं आहे, त्यामुळे बॅकवॉटर म्हणजे तळं असेल असं समजून जाऊ नका. दुपारनंतर वारा सुटतो आणि फायबरची हलकी होडी पाचोळ्यासारखी सरकते. धरणाच्या भिंतीच्या बाजूला जायचं नाही. मासेमारीच्या परवान्याची चौकशी काठावरच्या मासेमारांकडे आणि खात्याकडे आधी करा. आम्ही एका ओळखीच्या मामांबरोबर होतो, म्हणून निभावलं. पाणी उतरल्यावर हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. तशा दिवसांत भिंती आणि खुंट पाण्याखाली वीतभरच असतात, इंजिनचा पंखा आपटला की त्याची पिन तुटलीच.

पहिला दिवस मस्त गेला, दोन कटला मिळाले, पुढे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात काठापासून दीडेक किलोमीटरवर इंजिन घुटमळून बंद पडलं. पेट्रोलच्या पाईपवरचा, हातानं दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी बल्ब दाबला, सुरू झालं. परत बंद. परत दाबला. तिसऱ्या वेळी पायाला गार लागलं. खाली बघतोय तर तळातल्या पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलेलं आणि वासानं डोळे चुरचुरतायत. तेवढ्यात आमच्या मित्रानं खिशातून सिगरेट काढली. शेजारच्या हरिगोलातून, म्हणजे गोल टोपलीसारख्या होडीतून, मामा ओरडले, "ए, टाक ती पाण्यात! जळून मरशील की रे!" पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साठून राहते, वरून वारा वाहत असला तरी. बॅटरी असेल तर तिची वायरसुद्धा त्या वेळी काढू नका, ठिणगी तिथेच पडते.

गळती कुठे, हे कळायला अर्धा तास गेला, कारण इंजिन चालू असताना थेंबही पडत नव्हता. इंजिनचा पंप पेट्रोल ओढतो, तेव्हा चिरेतून हवा आत जाते आणि इंजिन उपाशी मरतं. बल्ब दाबला की आतून दाब येतो आणि तिथूनच पेट्रोल बाहेर. म्हणून सगळ्यांना वाटतं कार्बोरेटर. उन्हात लेव्हल पाईप मऊ झाला होता आणि वायरनं त्याला सुरीसारखं कापलं होतं.

मामांनी कपड्याच्या साबणाची वडी काढली. पाईपचं चिरलेलं टोक दोन बोटं कापून टाकलं, उरलेला पाईप परत निपलवर, म्हणजे तो जिथे बसतो त्या नळीवर, दाबून बसवला, तंगुसानं (मासे धरायच्या नायलॉन दोरीनं) दोन जागी आवळून गुंडाळलं आणि वर ओला साबण चोळून चोळून भरला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, एसटीचे जुने ड्रायव्हर टाकी गळली की हेच करायचे म्हणे. तळातलं पेट्रोल चिंध्यांनी टिपून कॅनमध्ये पिळलं. पाण्यात ओतू नका, हे पाणी लोक पितात. अर्धा तास वारा खेळू दिला आणि मग हळू गतीनं काठ गाठला. माझ्या दंडात अजून गोळे आहेत, कारण तोवर वारा आम्हाला उलट्या बाजूला नेत होता आणि वल्हं एकच होतं.

हे फक्त काठापर्यंतचं. घरी येऊन पेट्रोलसाठीचा जाड काळा पाईप घातला, मीटरला लेव्हल पाईपच्या चौपट पैसे, द्या. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये स्वस्तातला पाईप टिकत नाही. वायर नको, स्टीलचे स्क्रूवाले क्लिप लावा. बल्बवरचा बाण इंजिनकडे. पाईप इंजिनला जोडणाऱ्या कनेक्टरमधली छोटी रबरी रिंग स्वस्तात मिळते, चार घेऊन ठेवा. सिलिकॉन आणि एम-सील विसरा, ओल्या पेट्रोलवर काहीच धरत नाही. मग बल्ब कडक होईपर्यंत दाबा आणि पाच मिनिटं थांबा. मऊ पडला तर कुठेतरी गळतंय, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. आमचा दोनदा मऊ पडला, दोन्ही वेळा रिंग.

आणखी एक. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. वाहतुकीत बंद, चालवताना उघडा. उन्हात बंदच ठेवलात तर टाकी फुगते आणि पेट्रोल स्वतःहून इंजिनकडे जाऊन ओसंडतं. आमच्या टाकीनं ते दुसऱ्याच दिवशी करून दाखवलं. उघडताना हळू.

गॅरेजवाल्याकडे तो कापलेला तुकडा घेऊन गेलो. म्हणाला, "दोन दिवस चालला की नाही?" पैसे मागायचा उत्साह तिथेच संपला. परवा झाकणाखाली पुन्हा ओलं दिसलं, वॉशर बदलायचाय.