तेहतिसावर भागत नाही

लग्न बारा पस्तीसचं होतं, म्हणजे दोनच्या आत लागत नाही. लातूरच्या त्या मंगल कार्यालयात पंख्याखालच्या सगळ्या खुर्च्यांवर आधीच रुमाल पडलेले. मी बाहेर आलो आणि गाड्या लावल्या होत्या तिथं लिंबाच्या सावलीत माझ्या आवडत्या कामाला लागलो. लोकांच्या गाड्यांचे टायर वाचणं.

खोड जुनी आहे. गाडी कुणाची, कितीची, याच्याशी मला देणंघेणं नसतं. उकिडवं बसायचं आणि टायरच्या कडेवर काय लिहिलंय ते बघायचं. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचात. एकाच ओळीत तीन तऱ्हेचा हिशेब, आणि बहुतेक जगभर तो असाच चालतो, कुणाची तक्रार नाही. थोडं पुढं लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. कडक इस्त्रीच्या एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीखाली आठ-नऊ वर्षांचे, बारीक भेगा पडलेले टायर सापडले की लग्नाला आल्याचं सार्थक होतं. एकदा एका ड्रायव्हरनं मी हवा सोडतोय असं समजून हटकलंही होतं. त्याला चार आकड्यांचं गुपित सांगितलं, तर तोच पुढं होऊन बाकीच्या गाड्या वाचत सुटला.

तर असाच एका काळ्या थार जीपपुढं बसलो होतो, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "काका, ती आपलीच हाय की!"

थोरल्या भावाचा मुलगा. "तेहतीस टाकले. कसं वाटलालंय?"

"उंच झाली की रे," म्हणलं. दुसरं काय म्हणणार.

गाडी घेतली तेव्हा कंपनीचे टायर होते २५५/६५ आर १८. २५५ चे पासष्ट टक्के काढा, दुप्पट करा, त्यात १८ इंचाची रिम मिळवा, टायरची एकूण उंची भरते ३१ इंच. पोरं टायरला याच आकड्यानं ओळखतात. पहिल्या पावसाळ्यात पोरगा त्यांच्यावर खूश होता. दुसऱ्या पावसाळ्यात मित्राच्या गाडीला ३३ आले आणि याची गाडी शेजारी लावली की 'बसल्यागत' दिसायला लागली. जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असलेली गाडी, आणि म्हणे बसलेली! आता याचे ३३ झाले. बोलता बोलता कळलं की मित्राचं ३५ चं चाललंय.

टायर २ इंचांनी मोठं केलं की गाडीचं पोट २ इंच वर जातं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. ॲक्सल असतो चाकाच्या मधोमध, त्यामुळं त्याच्या खाली मिळतो एकच इंच. दुसरा इंच चाकाच्या वरच्या अंगाला जातो, आणि स्टेअरिंग पूर्ण कापलं की मडगार्डच्या आतल्या बाजूला खर्रकन घासतो. ते घासू नये म्हणून गाडीचं अंग वर उचलणारं लिफ्ट किट. लिफ्ट टाकली की खालच्या शाफ्टचे कोन बदलतात. चाक जड झालं म्हणून ब्रेक लांबतो, पिकअप पडतो, डिझेल जास्त जातं. तेवढीच मोठी स्टेपनी मागच्या दाराला टांगली की बिजागऱ्या कुरकुरायला लागतात. मोटार वाहन कायद्यातलं ५२ वं कलम गाडीच्या फेरफाराबद्दलच आहे. लिफ्टचा विषय निघाला की मी ते म्हणून दाखवतो आणि पुतण्या तेवढ्यापुरता फोन बघतो. या सगळ्यात स्पीडोमीटर बिचारा अंधारात. तो आपला ३१ च्याच हिशेबानं मोजत राहतो. काटा ८० वर असतो तेव्हा गाडी ८५ नं चाललेली असते. म्हणजे किलोमीटरही कमीच पडतात.

"मग चांगलंच की," पुतण्या म्हणाला. "विकताना रनिंग कमी दिसंल."

आमचं हे चाललेलं असताना वहिनी पुढच्या सीटवर दार उघडून बसून होत्या. खाली कसं उतरावं, या विचारात. शेवटी कार्यालयातल्या एका पोरानं प्लास्टिकची खुर्ची आणून लावली. वहिनींच्या एका हातात पैठणीच्या निऱ्या, दुसऱ्या हातात आहेराची पिशवी, पाय खुर्ची शोधत लोंबकळतोय आणि खुर्चीचा एक पाय खडीत रुतत चाललेला. दोघांनी दंड धरले तेव्हा उतरल्या. पदर सारखा करून पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "जाताना मी भाऊजींच्या गाडीत येते."

माझ्या गाडीची रिम १३ इंची आहे.

चिखलात, वाळूत गाडी फसायला लागली तर एक बिनपैशाचा इलाज असतो. टायरमधली हवा कमी करायची. तीस-बत्तीस पॉइंट असेल ती अठरा-वीसवर आणली की टायर दबतं, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागलं की परत भरायची, एवढंच. पुतण्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्याच्या डिकीत हवा भरायचा कंप्रेसरही असतो. पण कमी केलेली हवा चौकात मिरवता येत नाही. उलट पानटपरीवाला ओरडून सांगतो, "दादा, मागचं बसलंय!"

मोठ्या टायरचं हे वेड थारनं आणलं असं मला वाटत नाही. आमचं गाव तुळजापूर-नळदुर्गच्या मधल्या पट्ट्यातलं. शाळेच्या वयात आम्ही पोरं टायर पळवायचो आणि त्यातही उतरंड होती. सगळ्यात खाली सायकलचं टायर. ते कुणाकडंही असायचं, बाभळीच्या काडीनं हाणत न्यायचं. त्याच्या वर लुनाचं, आणि त्याच्या वर राजदूतचं, जे अख्ख्या आळीत एकच होतं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एकाच्या मामानं सोलापूरच्या रिमोल्डच्या दुकानातून जीपचं टायर आणून दिलं. नक्षी पार गेलेली, एका जागी आतले दोरे दिसत होते. पण जीपचं!

ते काडीनं पळत नसे. दोन्ही तळव्यांनी लोटायचं, हात कोपरापर्यंत काळे. आत पावसाचं जुनं पाणी साठलेलं असायचं. टायर फिरायला लागलं की ते पाणी आतल्या आत डुचमळायचं आणि मधूनच एक सपकारा तोंडावर. त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळायच्या, आणि वास असा की जेवताना हातालाही यायचा. कधी आतून विंचू निघायचा. तरी रांग लागायची. ज्याचं टायर तो देवळाच्या पायरीवर बसून कुणाची पाळी ते ठरवायचा आणि गणितात हुशार असलेली पोरं त्याचा गृहपाठ लिहून द्यायची.

मारुतीच्या देवळापासून ओढ्यापर्यंत उतार. एके दिवशी त्या उतारावर ते टायर आमच्या हातून सुटलं. सायकलचं टायर सुटलं तर चार ढांगांत धरता येतं. हे कुणाचं ऐकतंय! आडापाशी बाया पाणी शेंदत होत्या. टायर एका घागरीला उडवून, दुसरीला चेपून, बांधावरून उडी मारून खाली ओढ्यात जाऊन पडलं. नंतर ज्या शिव्या बसल्या त्यात आमच्या बापजाद्यांपैकी कुणी सुटलं नाही. आम्ही मात्र ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बोलत होतो, की ट्रकचं असतं तर कुठवर गेलं असतं. त्या दिवसानंतर सायकलच्या टायरला आळीत कुणी हात लावला नाही. चांगली टायरं उकिरड्यावर पडून राहिली.

हाव वाढण्याची गंमत आमच्या घरातही होती. आजोबा ॲक्शनची, म्हणजे निजामाविरुद्धच्या पोलीस कारवाईची गोष्ट सांगायचे. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून हिंदी फौजा नळदुर्गात शिरल्या. भाद्रपदाचे दिवस, काळी रानं भिजलेली, आणि गावाच्या शिवेवर फौजेची एक जीप फसली. आजोबांनी म्हणे आपली बैलजोडी जुंपून ती ओढून काढली. मी लहान होतो तेव्हा ती जीप होती. कॉलेजात गेलो तोवर तिचा ट्रक झाला. शेवटच्या वर्षी, अंथरुणावर, त्यांनी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा तो रणगाडा होता. बैल मात्र तेच, एक पांढरा, एक कोसा.

जीपच असेल असं मी धरून चालतो. त्या काळच्या विलीज जीपला सहा-सोळाचं टायर असायचं, म्हणजे रुंदी जेमतेम ६ इंच. आज थारवाल्या पोरांपुढं ते ठेवलं तर मोपेडचं का म्हणून विचारतील. लाकडी गाडीचं चाक तर त्याहून अरुंद. पुरुषाच्या छातीला लागणारं उंच चाक आणि लोखंडी धाव तीन बोटं रुंद. लोहार गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करायचा, चाकावर ठोकून बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. वाफेचा लोट उठायचा आणि लोखंड आवळलं जाऊन चाकाचे सांधे कडकड वाजायचे. हे उंच आणि बारीक चाक वरचा राडा कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जायचं. घट्ट थर नसेल तिथं तेही फसायचं. काळ्या मातीपुढं शहाणपणा चालवणारं चाक अजून निघायचंय. ही माती पाणी पिऊन फुगते. दहा पावलांत टायरच्या खाचा गच्च भरतात, आणि एकदा भरल्या की ३१ असो, ३५ असो, सगळे सारखेच गुळगुळीत. खोल खाचांचे मडवाले टायर जोरात फिरवून चिखल झाडतात खरे, पण आमचा चिखल झाडला जाणाऱ्यांतला नाही.

माणसालाही तो सोडत नाही. आजोबांच्या पायात टायरच्या वहाणा असायच्या, ट्रकच्या टायरचाच तळ पाहिजे हा हट्ट. भिजल्या रानात पाचपन्नास पावलं टाकली की त्या वहाणांना थर चढायचे आणि आजोबा चार बोटं उंच होऊन बांधावर यायचे. मग बसून काडीनं खरवडायचे, आणि उठून पुन्हा उंच व्हायला निघायचे.

पुतण्याचा गट सुट्टीच्या दिवशी बालाघाटच्या डोंगरात चिखल शोधत जातो. फोटो येतात, दरवाजापर्यंत माखलेली गाडी आणि अंगठे वर केलेली पोरं. आणि इकडं गावोगावचे लोक पाणंदीत, म्हणजे शेताच्या वाटेवर, मुरूम पडावा म्हणून अर्ज करतात. २०२१ मध्ये त्यासाठी सरकारनं मातोश्री पाणंद रस्ते योजनाही आणली. मी त्याला म्हणलं, एवढ्या लांब कशाला जाता, आपल्या शेताला या, श्रावणात सोयाबीनची फवारणी करायला औषधाचा ड्रम डोक्यावर घेऊन जावं लागतं, तेवढा तरी गाडीतून पोचवा. तो म्हणाला, "काका, तसला चिखल नको. त्यात गाडी अडकती."

टायरनं आमच्या भागात खरा फरक पाडला तो बैलगाडीत. लाकडी चाकं गेली, बेअरिंगचा आस आला, ट्रकची-जीपची उतरवलेली टायरं गाडीला बसली. जी नक्षी मी लग्नात वाचतो ती तिथं पोचेपर्यंत संपलेली असते. गाडी हलकी ओढली जायला लागली. बैलांना आराम पडेल असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. गाडी हलकी पळते म्हटल्यावर तिच्यात माल जास्त चढायला लागला. दसरा झाला की बीड-धाराशिवकडची माणसं पश्चिमेला, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कारखान्याच्या रस्त्याला त्यांच्या टायरगाड्यांची रांग बघा. पैसे टनावर मिळतात, म्हणून मोळ्यांवर मोळ्या, जू उचललं जाईल इतक्या. बैल दोनच. चढ आला की गडी कासरा धरून पुढं ओढतो आणि त्याची बायको खाली उतरून मागून खांदा लावते. दोघांनी मिळून एक कोयता म्हणून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, आणि ती याच हंगामात फिटायची असते.