कोकणकड्यावर आकाशगंगा टिपताना: चुकलेली दिशा आणि वाया गेलेले १,८०० रुपये

फाल्गुन अमावास्येच्या रात्री आकाशगंगेचे छायाचित्र घेण्यासाठी आम्ही तिघे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. चढाई सोपी असल्याने तिच्याविषयी लिहीत नाही. लिहायचे आहे ते रात्री अकरा ते दीडच्या दरम्यान आमचे जे हाल झाले त्याविषयी.

निघण्यापूर्वी मी आकाशगंगेची वेळ व दिशा दाखवणारे एक ॲप घेतले होते. सात दिवस मोफत म्हणून घेतलेल्या त्या ॲपने आठव्या दिवशी वर्षाचे १,८०० रुपये कापून घेतले आणि गडाच्या पश्चिमेकडील कोकणकड्यावर, जिथे माझ्या फोनला रेंज नव्हती, तिथे ते लॉगिनच्या पानापुढे सरकलेच नाही. मग दुसऱ्या एका मोफत ॲपचा बाण पाहिला, तर तो आकाशगंगेचा केंद्रभाग जिच्यात आहे ती धनू राशी पश्चिमेला दरीच्या बाजूस दाखवत होता. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी याच कड्यावरून आकाशगंगेचा केंद्रभाग दरीवर मावळताना मी पाहिलेला असल्याने मला संशयही आला नाही. प्रत्यक्षात मार्चमध्ये तो मध्यरात्रीनंतर आग्नेयेला उगवतो, म्हणजे कोकणकड्याकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीमागे. फोन ज्या पट्टीत अडकवला होता तिच्यातील चुंबकामुळे होकायंत्र बिघडले होते, हे फार उशिरा लक्षात आले. एकच्या सुमारास पाठीमागे वृश्चिकेच्या शेपटीखालून तो धुरकट पट्टा वर आलेला दिसला आणि ट्रायपॉड, बॅगा, पाणी असा सगळा पसारा आम्हाला अंधारात उचलून मागे न्यावा लागला. कड्याजवळ रात्री अशी हलवाहलव कोणीही करू नये.

माझे स्पष्ट मत असे की संगणकावर आकाश दाखवणारे मोफत स्टेलेरियम पुरेसे आहे. घरीच गडाचे स्थान व तारीख घालून दिशा वहीत लिहून न्यावी. पैसे द्यायचेच असतील तर एकदाच पैसे घेणारे फोटोपिल्स हे छायाचित्रकारांचे ॲप घ्यावे. जागेवर पोहोचताच ध्रुवतारा शोधावा. तो गडावरून क्षितिजापासून सुमारे १९ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा वर दिसतो, आणि फोनचा बाण त्याच्याशी जुळत नसेल तर त्या बाणावर विसंबू नये.

तारे लांबट न होता शटर किती सेकंद उघडे ठेवता येईल, हे ५०० ला भिंगाच्या मिमीने (छोट्या सेन्सरसाठी त्याच्या दीडपटीने) भागून काढणाऱ्या पाचशेच्या नियमावरही विसंबू नये. एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १६ मिमी भिंगासाठी तो सुमारे २० सेकंद देतो, पण २४ मेगापिक्सेलवर तारे लांबट झाले. फोटोपिल्सने भिंगाच्या एफ २.८ छिद्रासाठी सुचवलेल्या १३-१४ सेकंदांत ते टिपक्यासारखे आले. एकाच जागेवरून किमान १६ चित्रे घ्यावीत, कारण विंडोजवरील मोफत सिक्वेटर या प्रोग्रॅममध्ये ती एकत्र केल्यावर नॉइज, म्हणजे चित्रातील दाणेदारपणा, जवळपास चौथाईवर येतो आणि जमीनही स्थिर राहते. हे काम दोन ते चारच्या दरम्यान उरकावे. त्यानंतर केंद्रभाग दक्षिणेकडे सरकतो आणि तिकडे पुण्याच्या बाजूचा उजेड आहे.