एक प्रकरण, अनेक पावत्या
आज एका परिचितांसोबत न्यायालयाचा दंड भरायला गेलो असता त्यांच्या हाती पडलेल्या कागदावर मूळ दंडाखाली अधिभार, प्रक्रिया शुल्क, नकलांचे शुल्क आणि विलंब आकार अशा ओळी होत्या, आणि प्रत्येक रक्कम वेगळ्या लेखाशीर्षाखाली जमा व्हायची होती. खिडकीमागचे कारकून सौजन्याने वागले. एवढ्या शीर्षांचा मेळ घालताना त्यांनाच घाम फुटत होता. हप्त्याने पैसे भरल्यास ते आधी पीडिताच्या भरपाईकडे वळतात की सरकारी तिजोरीकडे, हे मात्र कागदावर कुठेच नव्हते, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२१ पासून फौजदारी प्रकरणांतील अनेक प्रशासकीय शुल्के रद्द केली आणि त्यांची थकबाकीही सोडून दिली. ज्याची ऐपतच नाही त्याच्यामागे तगादा लावण्यात सरकारचाही पैसा खर्च होतो, हे (उशिरा का होईना) तिथे मान्य झाले. सगळीच शुल्के रद्द करा, असे माझे म्हणणे नाही. भरणाऱ्यासमोर एकच रक्कम आणि एकच पावती असावी, तिची विभागणी खात्यांनी आपापसांत करावी, आणि ऐपतीची चौकशी रक्कम थकल्यावर नव्हे, तर ती ठरवतानाच व्हावी.