ट्रामच्या रुळाचं मॉडेल: मेशच्या आधी कागदावरचा हिशेब

रूळ भाराखाली किती दबतो आणि त्यात किती ताण येतो हे संगणकावर काढायला त्याचे लहान लहान तुकडे (एलिमेंट) पाडतात; या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. ट्रामचा खोबणीचा रूळ रेल्वेच्या रुळासारखा दोन्ही अंगांनी सारखा नसतो. युरोपात सर्रास दिसणारा ६०आर२ हा प्रकार घ्या: उंची १८० मिमी, पायाची रुंदीही १८०, वजन मीटरला सुमारे ६० किलो. डोक्याच्या एका बाजूला चाकाच्या कडेसाठी खोबण आणि पलीकडे तिचा ओठ. (मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, भारतात असा खोबणीचा रूळ वापरात बघायचा तर कोलकाता गाठावं लागतं.) छेद असा एकांगी असल्यामुळे उभा भारही रुळाला थोडा पिळतो, आणि साध्या तुळईच्या सूत्रात हा पीळ दिसत नाही.

तरीही सुरुवात तुळईनेच करावी. चाकाचा भार ५० किलोन्यूटन, छेदाचं जडत्व आघूर्ण (तो वाकायला किती विरोध करतो त्याचं माप) सुमारे ३३०० सेमी⁴ आणि रुळाखालच्या आधाराचा ताठपणा ५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, तर रूळ जेमतेम ०.६ मिमी दबतो आणि तळाशी साधारण २८ मेगापास्कल ताण येतो. म्हणजे फारच कमी. रस्त्यात गाडलेल्या जोडरहित रुळाला मात्र तापमानाच्या दर अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल ताण बसतो. ४० अंशांच्या फरकाला जवळपास १००. शिवाय रूळ रोलरने सरळ करताना आत राहिलेला ताण असतोच. हे दोन्ही न घालता संगणकावर काढलेली ताणाची रंगीत चित्रं शोभेपुरतीच.

त्रिमितीय मॉडेलची लांबी या आधाराला साडेपाच-सहा मीटर पुरते. आधार मऊ असेल तर ती वाढवा. खरी गोम रुळाभोवतीच्या पॉलीयुरेथेनमध्ये आहे. त्याचं पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने दाबल्यावर पदार्थ आडवा किती फुगतो ते) ०.४९ च्या आसपास, म्हणजे त्याचं आकारमान जवळपास बदलतच नसेल आणि नेहमीची एलिमेंट वापरली, तर ती जखडतात: आधार खोटा ताठ होतो, रूळ कमी दबतो, आणि उत्तर मात्र अगदी गुळगुळीत दिसतं. तिथे हायब्रिड एलिमेंटच हवीत, म्हणजे दाब वेगळा अज्ञात धरून सोडवणारी.

चाकाखाली वेगळंच जग आहे. चाकाची आणि रुळाच्या माथ्याची त्रिज्या ३००-३०० मिमी धरली, तर दोन वक्र पृष्ठभागांच्या स्पर्शासाठीच्या हर्ट्झच्या सूत्राने दाब ११०० मेगापास्कलच्या वर जातो. स्पर्शाचा ठसा जेमतेम ९ मिमी रुंद, आणि सर्वाधिक कर्तन ताण पृष्ठभागाच्या दोनेक मिमी खाली. तिथे मेश अर्धा मिमी ठेवा; दूर १०-१५ मिमी चालते. आर२०० या रुळाच्या पोलादाची तुटण्याची किमान मर्यादाच ६८० मेगापास्कल, त्यामुळे लवचिक मॉडेल इथे निरुपयोगी. आयसोट्रॉपिक हार्डनिंग (धातू सगळ्या दिशांना सारखाच कडक होत जातो हे गृहीतक) घेतलं तर मॉडेलमध्ये चाकाच्या काही फेऱ्यांनंतर धातू वाहायचा थांबतो, प्रत्यक्षात तो चाकागणिक सरकत राहतो. हे सरकणं दाखवणारं शाबोशचं मॉडेल घ्या, आणि त्याचे स्थिरांक चक्रीय चाचणीवरून बसवा.

वळणावर आतल्या रुळाचा ओठ चाकाच्या कडेची पाठ अडवतो. ओठ बाहेर ढकलला जातो, म्हणून खोबणीच्या तळातल्या गोलाईला ताण बसतो. ही गोलाई १ मिमी मेशने भरा आणि छेद कॅटलॉगमधला नको, जागेवर मोजलेला झिजका घ्या. ओठाची जाडी निम्मी झाली की त्याच आडव्या भाराला मुळाशी वाकण्याचा ताण साधारण चौपट होतो.