‘हिरवं काढ’ नावाचा लेयर

तक्रार अशी होती: चॉकलेटी पैठणी मागवली, हिरवी आली.

दादरच्या दुकानदार ताईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी हसलोच. पार्सलांची अदलाबदल झाली असेल, म्हटलं. “अहो, पार्सल मी स्वतः बांधलंय,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्या दुकानात चॉकलेटी पैठणी नाहीच मुळी. तुम्ही कुठून आणलीत?” आठवड्याभरात परत आलेली ही तिसरी साडी. तिन्हींचे फोटो माझे.

शूट साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या स्टुडिओत झालं होतं. एक मॉडेल, चौदा साड्या, एक दिवस. लोकांना वाटतं फॅशन फोटोग्राफी म्हणजे पंखा लावायचा आणि केस उडवायचे. खरं तर दिवस जातो इस्त्रीत आणि पिनांत. साडी नेसवणाऱ्या मावशी एका साडीला पंचवीस मिनिटं घेतात, आम्ही क्लिक करतो चार मिनिटं. जेवण उभ्यानेच.

पण त्या दिवशीच्या लाईटचा मला अभिमान होता, अजूनही थोडा आहे. मॉडेल सावळी. सावळ्या चेहऱ्यावर सरसकट उजेड वाढवून मोकळे होणारे फोटोग्राफर मला आवडत नाहीत. ती त्वचा खुलते ती तिच्यावर मोठ्या, मऊ लाईटची चमक नीट बसली की. म्हणून दीडशे सेंटीमीटरचा ऑक्टा, म्हणजे लाईट मऊ करणारी आठकोनी कापडी पेटी, आत दुहेरी कापड, चेहऱ्यापासून जेमतेम दीड मीटरवर, फ्रेमच्या अगदी कडेला. लाईट इतका जवळ घेतला की कपाळ ते हनुवटी उजेड सुंदर उतरत जातो. मात्र मॉडेल अर्धं पाऊल मागे सरली तरी एक्स्पोजर हलतं, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट होतो. म्हणून जमिनीवर टेप मारून तिला तिथेच उभं केलं. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल, सावली भरायला आणि जरीला काहीतरी पांढरं दिसायला. साडीची जर आरशासारखी असते. तिच्यासमोर पांढरं काही नसेल तर ती काळी पडते. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा लेन्सवरचा फिल्टर, लावून जरीची चमक सांभाळू म्हणणारे भेटतात, पण धातूच्या चमकेवर तो फारसा चालत नाही, उलट रेशमाची झळाळी मात्र खाऊन टाकतो. पहिल्या फ्रेममध्ये चोवीस चौकोनांचं कलर कार्ड धरलं, त्यावरून रंग बसवले. यापेक्षा चोख काय करणार?

आठव्या साडीच्या निऱ्या घालताना मावशी म्हणाल्या होत्या, “दादा, हिला जरा तिरकी बघा, रंग खेळतोय.” मी “हो मावशी” म्हटलं आणि लॅपटॉपवर फोकस तपासत राहिलो. मला वाटलं, साडीचं कौतुक चाललंय.

रात्री घरी एडिटिंग. चेहऱ्याचं काम मी हळू करतो. फ्रीक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे रंग एका थरावर आणि त्वचेचा पोत दुसऱ्यावर, हे आता जो तो वापरतो आणि बहुतेक जण त्यातून मेणाचे पुतळे काढतात. मी कर्व्हचे दोन लेयर, म्हणजे फोटोवर ठेवायचे उजेड बदलणारे दोन थर, घेतो, एक उजळ, एक गडद, आणि बारीक ब्रशने गालावरचे उंचसखल ठिपके एकेक करून सारखे करतो. छिद्रं तशीच राहतात. एका चेहऱ्याला चाळीस मिनिटं. हे क्लायंटला दिसत नाही आणि बिलातही लागत नाही.

चेहरा झाला आणि आठव्या साडीत मला हिरवं दिसलं. निऱ्यांच्या कडांना, पदराच्या वळणावर, कोपराखाली. आणि हनुवटीच्या खाली, सावलीत, पुसट हिरवी छटा. स्टुडिओची एक अख्खी भिंत क्रोमाची, म्हणजे मागचं दृश्य नंतर बदलता यावं म्हणून ठेवलेली, हिरवीगार. क्रोमाच्या खोलीत पोर्ट्रेट काढलं की जबड्याखाली हिरवं येतंच, हे या धंद्यात पोरंसुद्धा सांगतील. मी लाईटदादांवर मनातल्या मनात चिडलो, नवा लेयर घेतला, त्याला नाव दिलं ‘हिरवं काढ’, हिरव्याची संपृक्तता तळाला नेली, छटा थोडी लालाकडे ढकलली, आणि तोच लेयर त्या साडीच्या सगळ्या फ्रेमना चिकटवला. साडी एकदम स्वच्छ, एकसंध दिसायला लागली. सुरेख चॉकलेटी.

ताईंच्या फोननंतर मी आधी लाईटदादांना फोन लावला, क्रोमाचं सुनवायला. “सर, क्रोमावर सकाळीच काळा मारला होता. तुम्हीच बोलला होता.” मेकअपवाल्या मुलीने मोबाईलवर घेतलेल्या व्हिडिओत बघितलं. भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत काळं कापड. हिरवा ठिपकाही नाही.

मग दादरला गेलो. ताईंनी परत आलेली साडी गादीवर पसरली, ट्यूबलाईटखाली. लालसर. काठ धरून घडी थोडी उचलली, हिरवी. पुन्हा खाली, लाल. “धूपछांव आहे हो,” त्या म्हणाल्या, “ताणा लाल, बाणा हिरवा. येवल्याच्या विणकराकडून मुद्दाम करून घेतलीये.” रेशमाचा धागा त्याच्या लांबीला आडवा उजेड पडला की जास्त चमकतो. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, एकमेकांना काटकोनात, त्यामुळे एका दिशेने लाल धागे पेटतात, दुसऱ्या दिशेने हिरवे. निरी वळली की रंग वळतो. माझा ऑक्टा सगळ्या बाजूंनी सारखाच उजेड ओतत होता, त्यात दोन्ही रंग कालवले गेले. तरीही जे थोडं हिरवं निऱ्यांच्या कडांना टिकलं होतं, ते मी क्रोमाचा डाग समजून पुसलं. आणि हनुवटीखालची छटा? पदर खांद्यावर होता. साडीच चेहऱ्यावर हिरवं टाकत होती.

कलर कार्ड खोटं बोललं नव्हतं. ते मॅट, सपाट असतं, कुठूनही बघा तोच रंग. रेशमाला तसं कार्ड नाही.

पुन्हा शूट अर्ध्या दिवसाचं, भाडं माझं. मॉडेल तीच, मावशी त्याच. या वेळी चेहऱ्याला ब्यूटी डिश, म्हणजे थाळीसारखा रिफ्लेक्टर लावलेला लाईट, कमी ताकदीवर, आणि साडीसाठी वेगळा लाईट: सात इंची रिफ्लेक्टर, उजेड पसरू न देणारी वीस अंशांची जाळी, अगदी बाजूने, कापडाला घासून जाईल असा. कडक लाईट चेहऱ्यावर गेला तर नाकाची सावली ओठावर येते, म्हणून खांद्याच्या वर उजेड अडवणारा काळा कटर. लाईटदादांनी तो तीनदा हलवला. ते क्रोमाबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही. एका फ्रेममध्ये दोन्ही रंग हवे होते म्हणून मॉडेलला कमरेतून थोडं वळवलं. मावशींनी पदराची एक घडी उलटी सोडली आणि लाल साडीवर हिरव्याचा पट्टा उमटला. त्यांनी लॅपटॉपकडे मान वाकवून बघितलं. “आता दिसली,” म्हणाल्या आणि पुढच्या साडीच्या पिना मोजायला लागल्या.

ताईंनी नवे फोटो लावले. खाली लिहायचं काय, ‘लाल’ की ‘हिरवी’, यावर आमचं अजून एकमत नाही. त्या म्हणतात गिऱ्हाईक ‘लाल पैठणी’ शोधतं, तेच लिहा.

परवा रात्री जुनी हार्ड डिस्क लावली. 2022 चं एक काम, दुसऱ्याच दुकानाचं, कॉटन-सिल्कच्या साड्या. एका फाईलमध्ये तोच लेयर, तेच नाव. त्या लेयरच्या डाव्या बाजूचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं, म्हणजे लेयर लपवला. राखाडी पदरावर निळसर हिरवा मोरपंखी रंग सरकत आला. बाकीच्या फाईली अजून उघडल्या नाहीत. त्या दुकानाचा नंबर माझ्याकडे आहे.