हेझ डोक्यात चढतं, अंगात नाही

बरणीचं झाकण काढलं की आधी लिंबाच्या सालीचा वास येतो, मग त्याच्यामागून राळ निखाऱ्यावर टाकल्यावर येतो तसा धुरकट जड वास, आणि अगदी शेवटी मिऱ्याचा तिखटपणा नाकात टोचतो. हेझ या गांजाच्या वाणाचा हा वास एकदा डोक्यात बसला की दुसऱ्या कुठल्या वाणाशी गल्लत होत नाही. गांजाच्या बऱ्याच वाणांना असतो तो गोडसर, ओल्या मातीसारखा वास याला जवळजवळ नसतोच. या वाणाबद्दल कधीपासून लिहायचं होतं, कारण वाचायला गेलं की एकतर "एनर्जी येते, क्रिएटिव्ह वाटतं, दिवसा घ्या" एवढंच मिळतं नाहीतर नुसता टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशा देणाऱ्या रसायनाचा टक्का, आणि हेझचा स्वभाव या दोन्हीत कुठेच सापडत नाही. मी राहते तिथे मोठ्या माणसांना हे कायद्याने घेता येतं, मी गेली सहा वर्षं महिन्यातून दोन-तीनदा घेते, आणि त्यात सगळ्यात जास्त मला याच वाणाने शिकवलंय.

आधी थोडं त्याच्या घराण्याबद्दल. हेझ 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या बाजूला तयार झालं. त्यात कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारत इथली बियाणी मिसळली होती असं सांगितलं जातं. ही सगळी उष्ण भागातली झाडं, जिथे थंडी पडायची घाईच नसते, म्हणून झाड उंचच उंच वाढतं, पानांची बोटं अगदी सडपातळ, आणि फुलावर आल्यावर तयार व्हायला 12 ते 16 आठवडे लागतात. साधारण वाणं 8-9 आठवड्यांत होतात, त्यामुळे अस्सल हेझ लावायचा धीर फार थोड्या लोकांना असतो. पुढे नेव्हिल शॉनमेकर्स या ब्रीडरने नेदरलँड्समध्ये त्याचे नॉर्दर्न लाइट्ससारख्या बुटक्या, लवकर येणाऱ्या वाणांशी संकर केले आणि आज हेझ नावाने जे काही मिळतं त्यातलं बहुतेक अशा संकरातूनच आलेलं असतं. कळी बघितली तरी कळतं, घट्ट गोळा नसतो, मोकळी, लांबट, बोटांत धरली तर हलकी लागते, आणि उजेडात धरली की राळेचे बारीक दाणे चमकतात.

आता सटायव्हा. गांजाचे सटायव्हा आणि इंडिका असे दोन प्रकार मानतात आणि हेझवर लेबल बहुतेक सटायव्हाचं असतं. सटायव्हा म्हणजे उत्साह आणि इंडिका म्हणजे झोप, हे मीपण आधी पाठ केल्यासारखं म्हणायचे. मग कळलं की लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये सटायव्हा हे नाव दिलं ते युरोपात दोर आणि कापडासाठी लावायचे त्या हेम्पला, आणि लामार्क या दुसऱ्या शास्त्रज्ञाने 1785 मध्ये इंडिका म्हटलं ते भारतातून आलेल्या, नशा देणाऱ्या झाडाला. म्हणजे हेझमध्ये जे दक्षिण भारतातलं रक्त आहे म्हणतात ते लामार्कच्या हिशोबाने इंडिका, आणि आज आपण इंडिका म्हणतो ती रुंद पानांची अफगाणी झाडं त्याच्यासमोर नव्हतीच! 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या जवळपास 300 नमुन्यांवर एक अभ्यास झाला, त्यात लेबलवरचा सटायव्हा-इंडिका शब्द आणि झाडाचं जनुकीय नातं यांचा फारसा मेळ लागला नाही, थोडाफार संबंध दिसला तो मोजक्या टर्पीनशी, म्हणजे वास देणाऱ्या तेलांशी. म्हणून मी आता लेबल कमी वाचते आणि झाकण उघडून वास जास्त घेते. हेझच्या त्या तरतरीत वासामागे बऱ्याचदा टर्पिनोलीन नावाचं टर्पीन असतं.

चढतं कसं ते सांगते. ओढलेला गांजा काही मिनिटांतच रक्तातून मेंदूत पोचतो, साधारण 10 ते 30 मिनिटांत कळस गाठतो आणि 2 ते 4 तासांत ओसरतो, हे सगळ्याच वाणांचं सारखं. फरक असा की दुसरी जड वाणं आधी अंगाला लागतात, खांदे खाली येतात, पापण्या जड होतात, खुर्ची सोडवत नाही, आणि मग कळतं की हां, चढलं. हेझमध्ये मला हे काहीच होत नाही. हात हलके, पाय हलके, उभी राहू शकते, चालू शकते, आणि वाटतं की अजून काहीच झालं नाही. पण तोवर डोकं निघालेलं असतं. एका विचाराला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा, बोलायला लागलं की शब्द भराभर येतात आणि वाक्याच्या मध्येच पहिला अर्धा भाग कुठे गेला ते आठवत नाही. घड्याळात चार मिनिटं झालेली असतात आणि मला वीस मिनिटं झाल्यासारखी वाटतात. तोंड सुकतं, डोळे लाल होतात. बस, अंगाची खूण एवढीच.

आणि याच्यातच खरा धोका आहे, कारण शरीराची जी खूण बघून माणूस थांबतो ती खूणच हेझ देत नाही.

पहिल्या वर्षातली गोष्ट. मला तोपर्यंत जड वाणांची सवय, तीन झुरके म्हणजे माझं नेहमीचं माप. हेझचा एक घेतला, थांबले, पाच मिनिटं काही नाही, अंग अगदी नॉर्मल, म्हणून लागोपाठ दोन घेतले. कळीवर 20 टक्के टीएचसी लिहिलं होतं, म्हणजे एका ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅम, हा हिशोब मी नंतर केला, तेव्हा करायला पाहिजे होता. दहाव्या मिनिटाला सगळं एकदम आलं. आधी हृदय. छातीत नाही, कानात ऐकू येत होतं, मनगटावरच्या घड्याळात 128 दिसलं आणि ते आकडे बघून जीव अजून घाबरा झाला, मग मी दर दहा सेकंदांनी तेच बघत बसले. विचार इतके जोरात पळत होते की एक पकडावा तर तो हातात येईपर्यंत पुढचे चार येऊन गेलेले असायचे, आणि सगळे एकाच दिशेने, की हे आता थांबणार नाही, मी अशीच राहणार. उठायला गेले तर डोळ्यांसमोर अंधारी आली. मैत्रीण सोबत होती म्हणून निभावलं. तिने आधी ते घड्याळ माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "अगं नुसता घेतेयस श्वास, सोड आधी. सोड." मला खरंच कळलं नव्हतं की मी श्वास सोडतच नाहीये. तिने मला आडवं केलं, पायाखाली उशी दिली, दिवा कमी केला आणि माझ्या शेजारी बसून अगदी साध्या आवाजात काय वाजलेत ते मध्येमध्ये सांगत राहिली. सव्वा तासाने उतार लागला. तो सव्वा तास मला पूर्ण रात्रीएवढा वाटला होता.

नंतर मी बरंच वाचलं, कारण मला जाणून घ्यायचंच होतं की जे झाड एका दिवशी इतकं सुंदर वागतं ते दुसऱ्या दिवशी असं का करतं. हृदयाचे ठोके वाढणं हा टीएचसीचा नेहमीचा परिणाम आहे, मिनिटाला 20 ते 50 ठोके सहज वाढतात. भीतीचं गणित मात्र मापावर चालतं. 2017 मध्ये शिकागोत एक प्रयोग झाला, 42 जणांना टीएचसीची कॅप्सूल देऊन ताण येईल अशा कामाला बसवलं, तर 7.5 मिलिग्रॅमवाल्यांचा ताण कमी झाला आणि 12.5 मिलिग्रॅमवाल्यांची मनःस्थिती उलट बिघडली. फरक फक्त पाच मिलिग्रॅमचा! कॅप्सूल आणि झुरका एकसारखे नाहीत हे मान्य, पण दिशा तीच. आपल्या मेंदूत सीबी वन नावाचे रिसेप्टर, म्हणजे रसायनं येऊन बसायच्या जागा असतात, भीती सांभाळणाऱ्या भागातही असतात, आणि तिथे बसणारं आपलं स्वतःचं एक रसायन आहे, 1992 मध्ये राफाएल मेकुलम या इस्रायली शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत सापडलेलं, त्याचं नाव संस्कृत आनंदवरून आनंदामाइड ठेवलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलेलं. टीएचसी त्याच जागी येऊन बसतं, फक्त ते येतं खूप जास्त, आणि लवकर जात नाही.

2024 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये 20 जणांवर असंही दिसलं की टीएचसीसोबत लिंबाच्या वासाचं लिमोनीन भरपूर दिलं तर घाबरेपणा कमी होतो. पण त्यात लिमोनीनचं माप कळीत असतं त्याहून खूप मोठं होतं, त्यामुळे वास लिंबाचा आहे म्हणून बिनधास्त राहा असं मी कुणालाच सांगणार नाही.

आता मी एक झुरका घेते, छोटा, आणि घड्याळ लावून वीस मिनिटं थांबते, अंग काहीही सांगो. बहुतेक वेळा दुसऱ्याची गरज पडत नाही. आणि या एका झुरक्यातलं हेझ म्हणजे काय चीज आहे हो! मी चित्रं काढते. एकदा खिडकीतल्या मनीप्लँटच्या एका पानाकडे बघत बसले होते, रोजचं पान, आणि त्यादिवशी पहिल्यांदा दिसलं की शिरा दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत, डावीकडच्या थोड्या वर सुटतात, आणि पानाला जो बाक आलाय तो त्याच्यामुळे. ते रेखाटन मी अजून ठेवलंय आणि शुद्धीत बघितलं तरी ते बरोबरच आहे. गाणं ऐकलं तर तंबोरा वेगळा ऐकू येतो, तबल्याच्या बोलांच्या मधली जागा ऐकू येते. चालायला गेलं तर पाय थकत नाहीत. जड वाण घेतल्यावर मी जगापासून लांब जाते, हेझ घेतल्यावर जगाच्या जवळ जाते, मला तरी असंच होतं. सुचलेलं सगळं मात्र लगेच लिहून ठेवावं लागतं कारण नवीन आठवणी साठवणारा मेंदूचा भाग त्या वेळी ढिला पडलेला असतो.

काही गोष्टी मात्र ठाम सांगते. खाण्यातून हे घेतलं तर लिव्हरमध्ये टीएचसीचं आणखी जोरदार रूप बनतं, चढायला दोन तासही लागतात आणि उतरायला सहा-आठ, आणि खाल्लेल्याला "थांब" म्हणता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. घेऊन गाडी चालवायची नाही, गरोदरपणात नाही, हृदयाचा त्रास असेल तर नाही, आणि कोवळ्या वयात तर नाहीच. एका मैत्रिणीच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे, तिने मला विचारलं, "एकदा घेऊन बघू का?", तेव्हा मी स्पष्ट नको म्हटलं आणि का ते बसून सांगितलं. 2019 मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या अभ्यासात 10 टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली होती, आणि आजचं हेझ त्या 10 च्या खूप वर असतं. तिला थोडं वाईट वाटलं. मला चालेल.

उतरताना हेझ सोपं असतं, हळूहळू आवाज कमी केल्यासारखं, पण झोप मात्र पटकन येत नाही. म्हणून संध्याकाळी सहानंतर मी बरणी उघडतच नाही. झाकणावर पेनाने फक्त "1, मग 20 मिनिटं" असं लिहून ठेवलंय, आणि पाहुणी म्हणून आलेली मैत्रीण पहिल्यांदा घेणार असेल तर तिच्या मनगटावरचं घड्याळ मी आधीच काढून ठेवायला सांगते.