अंतर्गत समितीपुढे जाताना

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी भंडाऱ्याहून नागपूरला आले, त्या वर्षी महाविद्यालयात मुलींसाठी स्वसंरक्षणाचे शिबिर झाले. कोणी मनगट धरल्यास त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन हात कसा सोडवायचा, हे प्रशिक्षक ताईंनी शिकवले. अंगठा आणि बोटे मिळतात तिथे पकड सर्वांत कच्ची असते. त्याहून अधिक वेळ त्यांनी आमच्याकडून "मागे हो!" असे ओरडून घेण्यात घालवला. घरात मुलींचा आवाज कायम खालच्या पट्टीत ठेवला जातो, त्यामुळे आम्हाला तेच सर्वांत अवघड गेले.

पुढे माझ्याच विभागातील एक विद्यार्थी ग्रंथालयापासून बर्डीच्या बसथांब्यापर्यंत माझ्या मागे येऊ लागला आणि स्पष्ट नकारानंतरही रात्री अश्लील संदेश पाठवू लागला. रोज त्याच वर्गात बसणाऱ्या माणसापुढे मनगट सोडवण्याचा डाव अपुरा पडतो. ताईंनी मला एकही संदेश पुसू दिला नाही. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा आणि तिथे कोण होते, हे वहीत लिहायला लावले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार उच्च शिक्षण संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. लेखी तक्रार घटनेपासून, आणि प्रकार सलग घडत असल्यास शेवटच्या घटनेपासून, ३ महिन्यांच्या आत द्यायची असते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने "मुलीचेच नाव खराब होते" असे सुनावले, तेव्हा आई माझ्यासोबत आली आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलली नाही. तक्रारदाराचे नाव गोपनीय ठेवणे समितीवर बंधनकारक आहे, हे त्या कर्मचाऱ्याला ठाऊक असायला हवे होते.

चौकशी चालू असताना त्याला माझ्यापासून दूर ठेवावे, अशी विनंती मी अर्जातच केली होती. विनियमांत तशी तरतूद आहे. समितीने त्याला ताकीद दिली आणि मी परीक्षा निर्धास्तपणे देऊ शकले. सुनावणीत त्याने सारे नाकारले, तेव्हा वहीतील नोंदी आणि संदेशांच्या वेळा तंतोतंत जुळल्या. त्याला ठरावीक काळासाठी निलंबित करण्यात आले. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा असल्याने पोलिसांकडे जाण्याचा मार्ग मला स्वतंत्रपणे खुला होता, आणि हे समितीच्या अध्यक्ष मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितले होते.